सीडर हिलचें घर

थोर पुरुषांचीं राहतीं घरें जतन करून तीं लोकांस पाहण्यासाठीं खुलीं ठेवावयाचीं, ही चाल पाश्चात्य देशांत बरीच रूढ आहे. अशा घरांतून जें पाहावयास मिळतें तें बहुधा ठराविक असतें. टेबलावर चष्मा, कोपऱ्यांत छडी, भिंतीवर तसबिरी, पलंगावर स्वच्छ पलंगपोस. आणि पाहणारा मनुष्य दोरीच्या अलीकडे उभा राहून क्षणभर हळहळतो व बाहेर पडतो. घराचा धनी कोण होता हें त्याला दारावरील पाटीवरून समजतें. परंतु तो धनी झाला कसा, हा प्रश्न त्याच्या मनांत सहसा येत नाहीं. मोठ्या माणसाला घर असावयाचेंच, इतकें तो गृहीत धरून चालतो.

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांची राजधानी जें वॉशिंग्टन शहर, त्याच्या आग्नेय भागांत, अ‍ॅनाकोस्टिया नदीच्या पलीकडे एका टेकडीवर असेंच एक जतन केलेलें घर आहे. घर विटांचें, पुढें खांबांची पडवी. त्या टेकडीवरून पाहिलें कीं नदीपलीकडे शहर पसरलेलें दिसतें व त्यांत कायदेमंडळाच्या इमारतीचा पांढरा घुमट उठून दिसतो. जागेचें नांव सीडर हिल, म्हणजे देवदारांची टेकडी. आणि घराचा धनी फ्रेडरिक डग्लस. येथें मात्र वर सांगितलेला प्रश्न अगदीं प्रथम विचारावा लागतो. कारण हा धनी वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत कायद्यानें स्वतःच दुसऱ्याच्या मालमत्तेंत मोडत होता. ज्याची एके काळीं गुराढोरांबरोबर किंमत ठरविण्यांत आली, त्यानें पुढें दाम मोजून हें घर घेतलें. आणि त्याच्या पश्चात् तें गहाणांतून सोडविण्यासाठीं गुलामांच्या लेकींनीं वर्गणी जमविली. या घराची खरी हकीकत तेथील खुर्च्याटेबलांत जितकी आहे तितकीच, किंबहुना अधिक, त्याच्या कागदपत्रांत आहे. ती येथें थोडक्यांत सांगण्याचा विचार आहे.

गुलामगिरी म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें चाबूक व बेड्या उभ्या राहतात. त्या होत्याच. परंतु चाबूक हा त्या व्यवस्थेचा पाया नव्हे. पाया होता मालकीचा कायदा. मनुष्य ही विकतां, गहाण ठेवतां व वारसांस वांटून देतां येण्यासारखी वस्तु आहे, एवढें एकदां कायद्यानें मान्य केलें कीं बाकीचें सर्व त्यांतून आपोआप निघतें. वस्तूला लग्न नसतें, म्हणून गुलामाच्या लग्नाला कायद्यांत स्थान नाहीं. वस्तूला कमाई नसते, म्हणून त्याची मजुरी धन्याची. वस्तूला घर नसतें. ती घरांत असते.

मेरीलंड संस्थानाच्या पूर्व किनाऱ्यावर १८१८ च्या फेब्रुवारींत फ्रेडरिक बेली या नांवाचें एक मूल जन्मास आलें. आई गुलाम, म्हणून मूलही गुलाम. बाप गोरा असल्याचें तो लहानपणापासून ऐकत आला. परंतु त्या कायद्यांत दास्याचा वारसा आईकडून येई, बापाकडून नव्हे. आपला जन्मदिवस कोणता हें त्याला कधींच कळलें नाहीं. पुढें त्यानें आपल्या मनानेंच फेब्रुवारीची १४ तारीख ठरवून घेतली. त्याचा धनी अ‍ॅरन अँथनी हा कर्नल लॉइड नांवाच्या बड्या जमीनदाराचा कारभारी होता. लॉइडच्या मळ्यावर 'मोठा वाडा' म्हणून एक भव्य प्रासाद होता, आणि त्याच्या आसमंतांत शेंकडों गुलाम राबत. वाड्यापासून हांकेच्या अंतरावर कारभाऱ्याच्या घरीं हा मुलगा वाढला. हिंवाळ्यांतसुद्धां अंगावर एक जाडाभरडा सदरा, आणि रात्रीं धान्याच्या रिकाम्या गोणींत डोकें खुपसून गार जमिनीवर निजणें, हें त्याचें बालपण.

१८२६ सालीं अँथनी वारला व पुढील वर्षीं त्याच्या मिळकतीची वांटणी निघाली. बाल्टिमोर शहरीं धन्याच्या आप्ताकडे ठेवलेल्या या नऊ वर्षांच्या पोरास मुद्दाम परत आणविण्यांत आलें. कारण मिळकत मोजावयाची तर ती सर्व एका ठिकाणीं हवी. त्या दिवसाचें वर्णन डग्लसनें आपल्या आत्मचरित्रांत केलें आहे. घोडे, गुरें, मेंढरें, डुकरें आणि बाया, बाप्ये, पोरें हीं सारीं एकाच मोजणींत आलीं. सर्वांची सारखीच बारकाईनें तपासणी झाली व प्रत्येकाच्या नांवापुढें रक्कम मांडली गेली. म्हातारी झालेली त्याची आजी, जिनें धन्याचीं मुलें अंगाखांद्यावर खेळविलीं, तीही त्या यादींत होती. चाबकाचे वळ पुढें त्याच्या पाठीवर उठलेच. परंतु आपण कोण आहों याचें प्रथम ज्ञान त्याला या मोजणीनें झालें, असें म्हणावयास हरकत नाहीं.

वांटणींत तो टॉमस ऑल्ड याच्या वांट्यास आला व पुन्हां बाल्टिमोरास टॉमसचा भाऊ ह्यू ऑल्ड याजकडे गेला. तेथें ह्यूच्या पत्नीनें त्याला मुळाक्षरें शिकविण्यास आरंभ केला होता. तो नवऱ्यानें बंद पाडला. शिकलेला गुलाम गुलाम म्हणून निरुपयोगी होतो, हें त्या गृहस्थाचें म्हणणें. मुलानें तें ऐकलें आणि जें धन्यास इतकें नको आहे तेंच आपणांस हवें, असा त्याचा अर्थ लावून रस्त्यांतल्या गोऱ्या पोरांकडून उरलेलें शिक्षण पुरें केलें. मोठेपणीं तो गोदींत गलबतांच्या फटी बुजविण्याचें काम करी. मजुरी चांगली मिळे. पण दर शनिवारीं ती ह्यू ऑल्डच्या हातीं नेऊन द्यावी लागे. धनी कधीं खुष होऊन त्यांतले थोडेसे सेंट त्याला परत करी. डग्लस म्हणतो कीं, ते पैसे घेतांना त्याला अधिकच वाईट वाटे. कारण ते दिल्यानें सारेच त्याचे होते अशी जणूं धन्याची कबुलीच होई.

३ सप्टेंबर १८३८ रोजीं खलाशाच्या वेषांत, दुसऱ्याचा परवाना खिशांत घालून, तो आगगाडींत बसला व दुसऱ्या दिवशीं न्यूयॉर्कला पोंचला. या साहसास लागणारा पैसा ॲना मरे या मोलकरणीनें पुरविला. ती जन्मतः स्वतंत्र होती. त्यासाठीं तिनें आपली पिसांची गादी विकली, असें तिच्या मुलीनें पुढें लिहून ठेवलें आहे. न्यूयॉर्कला पोंचून तिनें त्याच्याशीं लग्न केलें, आणि पलायन लपविण्यासाठीं त्यानें 'डग्लस' हें नवें आडनांव घेतलें. पुढील सात वर्षांत तो गुलामगिरीविरुद्ध चाललेल्या चळवळीचा पहिल्या प्रतीचा वक्ता झाला. इतका कीं, असें बोलणारा मनुष्य कधीं काळीं गुलाम असेल यावर श्रोत्यांचा विश्वास बसेना. म्हणून १८४५ सालीं त्यानें धन्याचें, गांवाचें नांव देऊन आपलें चरित्र छापलें. शंका फिटली, परंतु फरारी मालाचा पत्ता मालकाला लागला, आणि त्याला समुद्र ओलांडून आयर्लंड-इंग्लंड गांठावें लागलें.

तेथील मित्रांनीं वर्गणी करून १५० पौंड जमविले व १८४६ च्या डिसेंबरांत ह्यू ऑल्डकडून त्याचें मुक्तिपत्र लिहून घेतलें. यावर चळवळींतील कांहीं कडवे लोक रागावले. मनुष्यावर मनुष्याची मालकी असूंच शकत नाहीं हें तुमचें तत्त्व. मग किंमत देऊन तुम्ही ती मालकी कबूल केली नाहीं काय, असा त्यांचा सवाल. तत्त्वतः तो बिनतोड होता. डग्लसनें उत्तर दिलें त्याचा आशय एवढाच, कीं ही किंमत नसून खंडणी आहे. लुटारूच्या हातून सुटण्यासाठीं पैसे मोजणारा त्याच्या लुटीचा हक्क मान्य करीत नाहीं. आम्हांस हें उत्तर पटतें. तथापि त्या सवालाची बोंच त्याला जन्मभर राहिली असली पाहिजे. मालकीच्या कागदापासून त्याची सुटका मालकीच्याच कागदानें झाली.

जें एका माणसाचें तेंच सबंध शहराचें झालें. वॉशिंग्टनमधील गुलामगिरी १६ एप्रिल १८६२ च्या कायद्यानें बंद झाली, म्हणजे लिंकनच्या सुप्रसिद्ध जाहीरनाम्याच्या साडेआठ महिने आधीं. त्या कायद्यान्वयें सरकारशीं एकनिष्ठ असलेल्या धन्यांस दर गुलामामागें तीनशें डॉलरपर्यंत नुकसानभरपाई मिळावयाची होती, आणि त्यासाठीं प्रत्येकानें आपल्या गुलामांची यादी व त्यांची किंमत सरकारास सादर करावयाची होती. सुमारें तीन हजार माणसें याप्रमाणें मोकळीं झालीं. ज्यांनीं जन्मभर फुकट राबणूक केली त्यांच्या भरपाईचा विचार कायद्यांत नव्हता. हा देश सोडून परमुलखांत जावयास कबूल असाल तर शंभर डॉलरपर्यंत मदत मिळेल, एवढीच त्यांची सोय होती. स्वातंत्र्य देतांनाही नुकसान कोणाचें झालें हें कायद्यानें धन्याच्या दृष्टीनेंच ठरविलें. १८६५ च्या डिसेंबरांत घटनेची तेरावी दुरुस्ती मंजूर होऊन देशांतून गुलामगिरी गेली. माणसें सुटलीं, पण हातीं कवडी नाहीं.

त्यांनीं कवडी कवडी जमविण्यास मात्र लागलीच आरंभ केला होता. त्याच वर्षीं मार्चमध्यें मुक्त गुलामांसाठीं म्हणून एक बचतपेढी कायद्यानें स्थापन झाली. सैनिकांनीं आपले पगार, धोबिणींनीं आपली मजुरी तींत ठेवली. पेढीच्या चालकांनीं तो पैसा भलत्या व्यवहारांत गुंतविला, आणि डोलारा कोसळण्याच्या बेतांत असतां, १८७४ च्या मार्चमध्यें, डग्लसला तिचें अध्यक्षपद देण्यांत आलें. त्यानें स्वतःचे दहा हजार डॉलर तींत घातले. परंतु पेढीचें आंतून किती वाटोळें झालें आहे हें ध्यानांत येतांच ती बंद करावी असें त्यालाच सांगावें लागलें. साठ हजारांहून अधिक ठेवीदारांचे सुमारें तीस लक्ष डॉलर त्या वेळीं अडकले; पुष्कळांना त्यांतलें कांहींच परत मिळालें नाहीं. डग्लसच्या आयुष्यांतील हा फार कडू प्रसंग होय.

सीडर हिलचें घर याच पेढीच्या मालमत्तेंतून विकत घेतलेलें आहे. तें मूळ बांधलें जॉन व्हॅन हूक या बांधकाम व्यावसायिकानें, १८५५ च्या सुमारास. त्यानें व त्याच्या भागीदारांनीं टेकडीच्या पायथ्याशीं 'युनियनटाउन' नांवाची वसाहत आंखून भूखंड विकण्यास काढले होते. त्या भूखंडांच्या विक्रीस कांहीं अटी होत्या: डुकरें पाळूं नयेत, साबण उकळूं नये, आणि ही जागा कोणाही कृष्णवर्णीयास विकूं अगर भाड्यानें देऊं नये. डुकरांचें व माणसांचें नांव पुन्हां एकदां एकाच कागदावर आलें, हा योगायोग नव्हे. व्हॅन हूकचें घर पुढें पेढीच्या ताब्यांत गेलें व १८७७ सालीं डग्लसनें तें ६,७०० डॉलरांस विकत घेतलें. वसाहतीच्या चालकाचाच बंगला, आणि त्यांत राहावयास आला पूर्वाश्रमीचा गुलाम! त्याच वर्षीं अध्यक्ष हेज यानें त्याला वॉशिंग्टन प्रांताचा मार्शल नेमलें होतें. पुढें १८८१ मध्यें तो त्या शहराच्या दस्तऐवज-नोंदणी कचेरीचा मुख्य झाला; म्हणजे राजधानींतील प्रत्येक खरेदीखत व गहाणखत त्याच्या हाताखालून जाऊं लागलें. माणूस दस्तऐवजांत नोंदला जातो ते दिवस पाहिलेल्यानें दस्तऐवजांचा अधिकारी व्हावें, याहून मोठा पालट तो काय!

घराच्या मूळच्या चौदा खोल्या होत्या. त्या वाढवून त्यानें एकवीस केल्या. अभ्यासिकेंत उघडझाप करणाऱ्या लांकडी पडद्याचें टेबल आहे व भिंतीलगत ग्रंथांचीं कपाटें आहेत. अक्षरओळख चोरून करून घेतलेल्या माणसाचीं हीं कपाटें, हें ध्यानांत ठेवून तीं पाहावीं. हैती बेटावरील प्रजासत्ताकांत तो १८८९ ते १८९१ पर्यंत अमेरिकेचा वकील होता. तेथील लोकांनीं दिलेली कातडी झुलती खुर्ची येथें आहे. लिंकनची एक आवडती काठी त्याच्या विधवेनें डग्लसला पाठविली होती, तीही आहे. त्याला सारंगीसारखें व्हायोलिन वाजविण्याचा नाद होता, व त्याचा नातू जोसेफ हा त्या वाद्याचा नामांकित वादक झाला. मागच्या अंगणांत एका दालनाची, खिडकी नसलेली दगडी झोंपडी पाहावयास मिळते. मूळची पडली होती, ती पुन्हां उभारली आहे. एकांतांत वाचावयास, लिहावयास तो तेथें जाऊन बसे. डिकन्सच्या 'ब्लीक हाउस' या कादंबरींतील एक पात्र चित्त बिघडलें असतां गुरगुरण्यासाठीं जाऊन बसण्याची एक खोली राखून ठेवतें. तिचेंच नांव डग्लसनें या झोंपडीस दिलें होतें. ती झोंपडी गुलामांच्या खोपटासारखी दिसते, असें पुष्कळांना वाटलें आहे. त्याचा तसा हेतु होता कीं नव्हता, तें असो. एकवीस खोल्यांचा धनी विचार करावयास बिनखिडकीच्या खोलींत जाई, एवढें खरें.

माडीवर ॲनाची खोली आहे. चव्वेचाळीस वर्षें तिनें त्याचा संसार केला, पांच मुलें वाढविलीं, पळून आलेल्या कितीक गुलामांना जेवूं घातलें. तिला स्वतःला मात्र वाचतां येत नव्हतें. नवऱ्याच्या तिन्ही आत्मचरित्रांत तिच्याविषयीं जेमतेम कांहीं ओळी सांपडतात. १८८२ सालीं ती याच घरांत वारली. दोन वर्षांनीं डग्लसनें हेलन पिट्स या आपल्याहून वीस वर्षांनीं लहान असलेल्या गौरवर्णीय विदुषीशीं विवाह केला, तेव्हां दोन्ही वर्णांचे लोक व खुद्द त्याचीं मुलें नाराज झालीं. स्मारकगृहें मोठ्या पुरुषाच्या उजेडांत इतरांस झांकून टाकतात, हा त्यांचा नेहमींचा दोष. परंतु ज्याच्या पलायनाचा खर्च एका मोलकरणीनें सोसला त्याचें घर पाहतांना ती गादी ज्याला आठवणार नाहीं, त्यानें तें घर पाहिलें असें म्हणतां यावयाचें नाहीं.

हें घर घेतलें त्याच १८७७ मध्यें, जूनमध्यें, डग्लस आपल्या जुन्या गांवीं गेला. टॉमस ऑल्ड मरणशय्येवर होता. त्यानें आपल्या पूर्वीच्या गुलामास मार्शल या हुद्द्यानें हांक मारली. तेव्हां मला पूर्वीप्रमाणें फ्रेडरिकच म्हणा, असें डग्लस त्याला म्हणाला. दोघांचेही डोळे भरून आले. चार वर्षांनीं तो लॉइडच्या मळ्यावर गेला. ज्या 'मोठ्या वाड्या'कडे त्यानें गोणींत निजणारा पोर म्हणून दुरून पाहिलें होतें, तेथें कर्नलच्या पणतूनें त्याचें आगत-स्वागत केलें. कांहीं कृष्णवर्णीय टीकाकारांना हा मऊपणा रुचला नाहीं, आणि त्यांचें सर्वस्वीं चुकलें असेंही म्हणवत नाहीं. आमच्या मतें मात्र समानतेच्या पायरीवर उभा राहिलेला मनुष्यच असें करूं शकतो. दाराशीं तिष्ठत असलेल्यानें क्षमा केली तर तिला कोणी क्षमा म्हणत नाहीं.

पण समानतेची ती पायरी त्याच्या लोकांच्या पायांखालून त्याच वर्षापासून काढली जाऊं लागली होती. १८७७ मध्यें दक्षिणेंतील सरकारी सैन्याचा पाठिंबा निघाला, आणि मुक्त झालेल्यांचा मताधिकार, शाळा, जीवित सारेंच जुन्या धन्यांच्या दयेवर आलें. सीडर हिलच्या अभ्यासिकेंत डग्लसचीं शेवटचीं वर्षें गेलीं तीं विश्रांतीचीं नव्हेत. आयडा वेल्स ही तरुण लेखिका जमावांनीं केलेल्या खुनांचे दाखले गोळा करून जगापुढें मांडीत होती. तिची पाठ त्यानें थोपटली, आणि १८९४ मध्यें, पंचाहत्तरी उलटल्यावर, त्याच विषयावर आपलें शेवटचें मोठें व्याख्यान दिलें. २० फेब्रुवारी १८९५ रोजीं दिवसां तो स्त्रियांच्या एका परिषदेस जाऊन आला, आणि त्या सायंकाळीं याच घराच्या दिवाणखान्याबाहेरील सोप्यांत, पत्नीशीं बोलतां बोलतां, खालीं कोसळला.

येथून पुढें घराची कथा पुन्हां कागदपत्रांवर येते. डग्लसनें मृत्युपत्रानें घर हेलनला दिलें होतें. परंतु स्थावर मिळकतीच्या मृत्युपत्रास तीन साक्षीदार लागत, आणि यावर सह्या दोघांच्याच होत्या! दस्तऐवज-नोंदणीच्या मुख्य अधिकाऱ्याचाच दस्तऐवज अपुरा ठरला. हेलनला वाटे कीं, वॉशिंग्टनचें घर जसें गोऱ्या अमेरिकेनें राखलें आहे, तसें हें घर राखलें जावें. तिनें कर्ज काढून, घर गहाण टाकून वारसांचे हिस्से चुकते केले. १९०० सालीं काँग्रेसच्या कायद्यानें एक स्मारकमंडळ स्थापन करविलें, आणि गहाण फेडण्यासाठीं अखेरपर्यंत गांवोगांव व्याख्यानें देत राहिली. १९०३ मध्यें ती वारली तेव्हां कर्ज उरलेलेंच होतें.

तें फेडलें कृष्णवर्णीय स्त्रियांच्या राष्ट्रीय संघानें. १९१६ मध्यें या संघानें मेरी टॅल्बर्ट हिच्या अध्यक्षतेखालीं हें काम शिरावर घेतलें. शाळकरी मुलांची नाणीं, स्त्रीमंडळांच्या वर्गण्या, असा थेंबाथेंबानें पैसा गोळा झाला. केसांच्या औषधांच्या व्यापारानें धनाढ्य झालेल्या मॅडम वॉकर हिनें पांचशें डॉलर दिले. एका व्यक्तीची हीच सर्वांत मोठी देणगी. तिचे आईबाप लुइझियानांत गुलाम होते, आणि ती स्वतः वर्षानुवर्षें लोकांचे कपडे धूत असे. १९१८ मध्यें डेन्व्हर येथील अधिवेशनांत तें गहाणखत भर सभेंत जाळण्यांत आलें, त्या वेळीं तिचा खास मान राखला गेला. कागदानें माणसांस बांधून ठेवण्याच्या त्या दीर्घ इतिहासांत एक कागद असा सर्वांदेखत जळाला. १९२२ मध्यें दुरुस्त झालेलें घर लोकांसाठीं उघडलें. सरकारनें तें ताब्यांत घेतलें १९६२ मध्यें, आणि राष्ट्रीय स्मारक म्हणून खुलें केलें १९७२ मध्यें. म्हणजे राष्ट्राला या घराचें महत्त्व पटेपर्यंत जवळजवळ सत्तर वर्षें ज्यांनीं तें राखलें, त्यांतल्या पुष्कळांना दक्षिणेंत मत देण्याची मुभा नव्हती.

या घराच्या जोडीस वॉशिंग्टनमधील दुसरें एक स्मारक आठवणें अवश्य आहे. १८७६ सालीं तेथें लिंकनचा एक पुतळा उभारला गेला. उभा लिंकन, आणि त्याच्या पुढ्यांत गुडघ्यावर असलेला, बेड्या तुटलेला गुलाम. त्याची पहिली वर्गणी, पांच डॉलर, शार्लट स्कॉट नांवाच्या मुक्त झालेल्या स्त्रीची होती. पैसा सारा मुक्त गुलामांचा. परंतु आकृति कशी असावी हें ठरविलें दुसऱ्यांनीं. उद्घाटनाचें भाषण डग्लसनें केलें, व त्यांत लिंकनच्या थोरवीबरोबर त्याच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या. पांच दिवसांनीं त्यानें वर्तमानपत्रास पत्र लिहिलें, तें २०२० सालीं संशोधकांच्या पुन्हां नजरेस आलें. गुडघ्यावरचा नव्हे, आपल्या पायांवर ताठ उभा असलेला कृष्णवर्णीय मनुष्य स्मारकांत आपणांस पाहावयाचा आहे, असा त्याचा भावार्थ. तसा पुतळा त्याच्या हयातींत त्या शहरांत झाला नाहीं. वर्षभरानें त्यानें टेकडीवर घर घेतलें. आम्हांस तर तें घर हाच त्यानें मागितलेला पुतळा वाटतो.

महाराष्ट्राला या विषयाचें अगत्य नवें नाहीं. १८७३ सालीं जोतीराव फुले यांनीं आपलें 'गुलामगिरी' हें पुस्तक अमेरिकेंतील गुलामांना मुक्त करणाऱ्या तेथील सज्जनांस अर्पण केलें. आपल्या देशबांधवांनीं शूद्रातिशूद्रांच्या बाबतींत त्या सज्जनांचा कित्ता गिरवावा, ही त्यांची आशा होती. त्या वेळीं अमेरिकेंत मुक्त झालेले लोक निवडून येऊन कायदेमंडळांत बसत होते, तेव्हां ती आशा अवास्तव नव्हती. पुढील चार वर्षांतच तिच्यावर पाणी पडलें. जोतीरावांना मुक्त करणारे दिसले, आणि त्यांचा गौरव करण्यांत त्यांनीं कांहीं चूक केली नाहीं. परंतु मोकळीक टिकविणारे हात कोणाचे होते हें सीडर हिलचे कागद दाखवितात. खुद्द जोतीरावांच्या चरित्रांतही घराची गोष्ट आहेच. शाळा काढली म्हणून १८४९ मध्यें त्यांस व सावित्रीबाईंस वडिलांचें घर सोडावें लागलें, आणि १८६८ मध्यें आपल्या घरच्या पाण्याचा हौद त्यांनीं अस्पृश्यांसाठीं मोकळा केला. पुण्याच्या गंज पेठेंतील तें घरही आज स्मारक म्हणून राखलें आहे. तेथें जाणाऱ्यानें तसबिरींस नमस्कार करावाच. पण त्या हौदाची गोष्ट आठवल्यावांचून परत फिरूं नये.

स्मारक उभारणें सोपें असतें. दगड विकत मिळतो. घर राखणें कठीण; कारण घराला छप्पर असतें, तें गळतें; कर असतो, तो भरावा लागतो; वारस असतात, त्यांची समजूत घालावी लागते. गुलामगिरीचा अंत हा एका दिवसाचा, एका सहीचा प्रसंग म्हणून सांगितला जातो. सीडर हिल सांगतें कीं, तो एका घराचा संसार चालविण्यासारखा उद्योग आहे. पेढी बुडते, मृत्युपत्रावर एक सही कमी पडते, कर्ज फिटतां फिटत नाहीं, आणि तरी कोणी तरी धोबीण, कोणी शिक्षिका, कोणी शाळकरी मूल पुढें येऊन आपला वांटा घालतें. त्या टेकडीवरून दिसणारा कायदेमंडळाचा घुमट मोठा आहे. परंतु त्या घरापर्यंत पोंचावयास त्याला सदुसष्ट वर्षें लागलीं.